दुपारची लाइन

९ जानेवारी

रजा मंजूर झाली. बिनपगारी, मार्चअखेरपर्यंत. साहेब म्हणाले, "तक्रार विभागातलं कुणी समोर आलं की मला आधी धडकीच भरते." पाणीपुरवठ्याच्या तक्रारी ऐकण्यात माझी इतकी वर्षं गेली आहेत की घरातला नळ गळायला लागला तरी मी आधी नवऱ्याला विचारते, "कधीपासून?"

सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण दिवसभर एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या जाऊबाई न्यायला तयार आहेत. आठवा मजला, लिफ्ट, ऐसपैस बाल्कनी. दोघंही नोकरीवर जातात, पण दिवसाला बाई ठेवतील. मार्चअखेर ठरवायचं म्हणे. मी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे मनात बाल्कनी असणार.

मला त्या इथे हव्या आहेत का? हव्या आहेत. नवऱ्याशी भांडण उभं राहत नाही, तो लगेच मान्य करतो. सासूबाई पुरून उरतात. त्यांच्याशी दोन शब्द वाजल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

तेव्हा घरात बसून पैसे मिळवायची काहीतरी वाट शोधायला हवी. ऑफिसात मीटरच्या टेबलावर बसणारी मैत्रीण, आमची मीटरवाली, म्हणते, अफिलिएट मार्केटिंग कर. दुसऱ्याच्या मालाबद्दल आपण लिहायचं, खाली आपली लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी माल घेतला की आपल्याला कमिशन. माल आपला नाही, दुकान आपलं नाही, गिऱ्हाईकही ओळखीचं नाही. मग आपलं असतं तरी काय? हे मला कळेना, म्हणून जास्तच बघावंसं वाटतंय.

१३ जानेवारी

काय विकायचं ते ठरलं. काठ्या, वॉकर, आंघोळीच्या खुर्च्या, न घसरणाऱ्या मॅट. सासूबाई पडल्यापासून याच वस्तूंच्या मागे आहे मी, तर त्यांच्यावरच ब्लॉग लिहायचा.

कुणाची लिंक घ्यायची, हे मात्र ठरेना. असे कमिशनचे कार्यक्रम चालवणारे पैशाला पासरी आहेत. आज एकाचं फुकट ऑनलाइन भाषण ऐकलं. बोलणाऱ्याच्या मागे मोटार, मोटारीच्या मागे समुद्र. आधी आपण पैसे भरायचे, मग आणखी माणसं आणायची, मग त्यांनी पैसे भरायचे. मी विचारलं, "यात विकायचं काय?" तो म्हणाला, "संधी." मी पुन्हा विचारलं, "ती वस्तू कशी दिसते?" त्याने माझा आवाज बंद केला. आमच्या विभागात हे करता येत नाही, एरवी किती सोय झाली असती.

१८ जानेवारी

दोन दिवस अटी आणि शर्ती वाचतेय. लोक हा भाग न वाचता खाली जातात, मी तिथेच रमते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ अशाच बारीक अक्षरात असतं.

सगळं विकणारं मोठं दुकान आहे. नाव घराघरात, पण कमिशन चिमूटभर, आणि लिंक दाबल्यापासून एका दिवसात खरेदी झाली तरच ते आपलं. मी सासूबाईंना विचारलं, "तुम्ही काठी घ्यायला किती दिवस लावलेत?"

"मनाने अजून घेतलेली नाही."

मुद्दा बरोबर आहे. म्हातारं माणूस एका दिवसात काठी घेत नाही. मुलीला विचारतं, डॉक्टरला विचारतं, मग रागावतं, मग विसरतं, आणि मग कधीतरी घेतं.

एक छोटी रबराची कंपनी सापडली. काठीच्या टोकाला लावायची रबरी टोपणं आणि बाथरूमच्या मॅट. तिथे लिंक तीन महिने चालते, आणि रबर झिजलं की गिऱ्हाईक परत येतं, तेही आपल्याच खात्यात. पण एका टोपणाच्या कमिशनमध्ये अर्धा चहासुद्धा यायचा नाही. आणि तिसरा आहे गुडघ्याचा चुंबकी पट्टा. त्याचं कमिशन वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

रबराच्या अटींमधलं एक कलम मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं: आपल्या लिंकवरून आपण किंवा आपल्या घरच्यांनी खरेदी करायची नाही. नवरा पेंगत होता. सासूबाईंचं लक्ष सूपमध्ये होतं.

२५ जानेवारी

पहिला लेख लिहिला, आंघोळीच्या खुर्चीवर. सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला आणि चष्मा नाकाच्या टोकावर आणला.

"'वापरण्यास अत्यंत सुलभ' म्हणजे काय गं? तू बसलीस त्यावर?"

"नाही."

"मग कोण बसलं?"

खुर्ची मागवली. सासूबाई कपड्यांनिशीच बसून उठल्या आणि म्हणाल्या, "ओल्या फरशीवर हिचे चार पाय चार गावांना जातील." ती परत पाठवली. लेख नव्याने लिहिला, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगला झाला. आता नियमच केलाय, त्यांनी पास केल्याशिवाय काही लिहायचं नाही. परीक्षक म्हणून त्या भयंकर आहेत. रबरी टोपण आणि मॅट तेवढी पास झाली, तीही "बरी आहेत" एवढ्या शब्दांत.

संध्याकाळी म्हणाल्या, "ती तुझी लिंक की काय, मला पाठव. नीट दिसते का बघते." पाठवली. त्यांना काय कळणार आहे, पण तेवढाच विरंगुळा.

३ फेब्रुवारी

खपलं! एक रबरी टोपण! कुठल्याशा अनोळखी माणसाने माझं वाचून विकत घेतलं. मी स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आले. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. सासूबाई "हं" म्हणाल्या आणि चहा मागितला.

कोण असेल तो माणूस? कुठे राहत असेल? काठी कुठल्या हातात धरत असेल? ऑफिसात मला लोकांचं फक्त बिघडलेलं कळतं. कुणाचं काहीतरी नीट झालं आणि त्यात आपला हात आहे, ही भावनाच नवी आहे. दिवसभर उगाच हसू येत होतं.

९ फेब्रुवारी

शोध लागला आहे. ब्लॉगवर कोण कधी येतं ते दिसतं, आणि माझे सगळे लोक दुपारी दोन ते चारमध्येच येतात. सकाळी शुकशुकाट, संध्याकाळी शुकशुकाट. यामागचं कारण असं की म्हातारी माणसं जेवून आडवी होतात आणि मोबाईल बघतात. म्हणून आता नवीन लेख बरोबर जेवणाच्या आधी टाकते. मीटरवालीला हे सांगितलं तर म्हणाली, तू आता शिकवण्या घे.

दुसरी गोष्ट तितकी चांगली नाही. सासूबाई दुपारी जेवल्या की खोलीचं दार लावून फोनवर बोलत बसतात. जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेला, ऑपरेटर होत्या, फोन म्हणजे त्यांचा श्वास. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आज कपडे ठेवायला गेले तर दाराआडून ऐकू आलं, "हो, मी सांगते तसंच करा. दोन-तीन दिवसांत होऊन जाईल. सुनेला काही बोलू नका." मी तशीच परत फिरले.

म्हणजे जाऊबाईंशी ठरतंय. मार्चअखेरची वाटसुद्धा बघायची नाहीये. मी मेली इथे रबरं विकतेय. फार वाईट वाटलं. संध्याकाळी मुद्दाम चहात साखर कमी घातली. त्यांनी ती बिनतक्रार प्यायली, त्याचंही वाईट वाटलं.

१७ फेब्रुवारी

चुंबकी पट्टा गेल्या आठवड्यात आला. सासूबाईंनी तो सलग आठवडाभर बांधला. निकाल: "खाज सुटली. बाकी काही सुटलं नाही."

पण मी हिशोब मांडला आहे. टोपणं आणि मॅट रोज थोडी थोडी खपतात, तरी त्यावर माझ्या पगाराचा कोपराही भरत नाही. पट्टे खपले तर भरेल. आणि भरला तर मी जाऊबाईंना ठणकावून सांगू शकेन की सासूबाईंची सोय इथे आहे, बाल्कनी असो वा नसो.

म्हणून लिहिला लेख. खोटं काही लिहिलं नाही. "अनेकांना आराम पडल्याचे सांगितले जाते," असं लिहिलं. आमच्या ऑफिसची भाषा आहे ही. "आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे" हे वाक्य मी आजवर असंख्य वेळा लिहिलं असेल, त्यातून कुणाला थेंबभर पाणी मिळालेलं नाही.

सासूबाईंनी लेख वाचला, मोबाईल परत दिला. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "अनेक म्हणजे कोण गं?"

मी भाजी चिरायला उठले.

२२ फेब्रुवारी

पट्ट्याचं गूढ. लोक येतात, नेहमीसारखे दुपारीच येतात, वाचतात, आणि एकही पट्टा घेत नाहीत. त्याच दिवशी तेच लोक मॅट घेतात! फोटो बदलला, मथळा बदलला, बटणाचा रंग हिरवा केला, मग लाल केला. काही नाही. जणू कुणी दारात उभं राहून त्यांना सांगतंय की बाबांनो, याला हात लावू नका.

शेवटी लेख काढून टाकला. खपत नाही म्हणून काढला, असं नवऱ्याला सांगितलं. इथे खरं लिहिते. "अनेक म्हणजे कोण" हे डोक्यातून जात नव्हतं.

तर निवड झाली. रबराची कंपनी, बाकी सगळ्यांना रामराम. गिऱ्हाईकाची नाडी मला सापडली आहे असं म्हणायला हरकत नाही.

१ मार्च

जाऊबाई खोलीचं माप सांगून गेल्या. त्यांच्याकडची रिकामी खोली, पडद्यांचा रंग, कपाट कुठे बसेल, सगळं. सासूबाई कौतुकाने ऐकत होत्या. "आमच्या लिफ्टमध्ये मोठा आरसा आहे, आई," असं जाऊबाई म्हणाल्या, त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग काय, जन्माचं सार्थक झालं." आरशाचं इतकं अप्रूप त्यांना असेल असं मला वाटलं नव्हतं.

जाऊबाई निघाल्या तेव्हा सासूबाई उठायला लागल्या. काठी त्यांच्या हातात द्यायला उचलली तर टोकाचं रबर एका बाजूने पार झिजलेलं. नवीन लावून किती दिवस झालेत! पलंगापासून बाथरूमपर्यंत चालणाऱ्या बाईच्या काठीचं रबर असं झिजत असेल तर माल कच्चा आहे. आणि मी तो लोकांना देतेय. कंपनीला जाब विचारला पाहिजे.

८ मार्च

जाब मलाच विचारला गेला. रबर कंपनीचा मेल आला आहे: आपल्या लिंकवरून आपल्याच पत्त्यावर खरेदी झाली आहे, नियमभंग झाला आहे, खुलासा येईपर्यंत खातं स्थगित. सगळं कमिशन अडकलं. मार्चअखेर तोंडावर आली आणि हे असं.

मी नवऱ्याला दाढी करताना गाठलं. "तूच घेतलंस ना? मला बरं वाटावं म्हणून?"

"मी? मला तुझी लिंक कुठे असते तेच माहीत नाही."

हे जास्त लागलं. मग दारात पार्सल आलं. एक रबरी टोपण. वर नाव सासूबाईंचं.

९ मार्च

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

पार्सल त्यांच्यासमोर ठेवलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. "लाइन टेस्ट केली," म्हणाल्या.

"कसली लाइन?"

"तुझी. हॉस्पिटलात व्यायामाला शेजारच्या कॉटवर असतात ते मास्तर म्हणाले, बटण दाबलं तरी पुढे जात नाही. ऑपरेटर लाइन जोडायच्या आधी स्वतः बोलून बघतो. न बघता जोडली आणि नाही लागली, तर शिव्या कुणाला बसतात?"

"तुम्ही कुणाला जोडताय, आई?"

त्यांनी उशीखालून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. एक ग्रुप आहे. नाव 'मोडके पण खमके'. हॉस्पिटलात व्यायामाला येणारे, त्यांचे नातेवाईक, एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणी, त्या मैत्रिणींच्या विहिणी. सासूबाई रोज दुपारी एकेकाला फोन करतात. काठी जाड की बारीक ते विचारतात, कुठलं टोपण बसेल ते सांगतात, कुठे दाबायचं ते सांगतात, आणि वर बजावतात की सुनेच्या लिंकवरूनच घ्या, पण तिला बोलू नका, तिला वाटू दे तिचं तिने केलं.

पट्ट्याबद्दलही होतं. माझा लेख पाठवून खाली लिहिलं होतं: "वाचा, पण घेऊ नका. सुनेने लिहिलंय, पण तिचं मन यात नाही."

माझा दुपारचा शोध, माझं हिरवं बटण, गिऱ्हाईकाची नाडी! मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. मिरवले किती मी! मीटरवालीसमोर तर भाषण ठोकलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही मोठ्या वहिनींशी बोलताय. तिकडे जायचं ठरवताय."

"तिला दुपारी कुठे वेळ असतो फोन घ्यायला?" त्या म्हणाल्या. नंतर बराच वेळ पार्सलची चिकटपट्टी सोलत बसल्या.

"आणि ते कलम मी वाचून दाखवलं होतं की, घरच्यांनी घ्यायचं नाही म्हणून!"

"सूप गरम होतं," सासूबाई म्हणाल्या.

१२ मार्च

कंपनीतल्या बाईंचा फोन आला. मी खुलासा दिला, आडपडदा न ठेवता, एक्सचेंजपासून सुरुवात करून. रबरवाल्या बाई खूप हसल्या. नियम म्हणजे नियम, म्हणाल्या, ती एक खरेदी रद्द होणार. पण खातं चालू करायला त्यांची ना नाही. उलट त्या गेले कित्येक दिवस चक्रावल्या होत्या, कारण माझ्याकडून गेलेला एकही माल परत आलेला नव्हता. एरवी टोपणं बसली नाहीत म्हणून निम्मी परत येतात म्हणे. "आमच्याकडे असं विचारून देणारं माणूस नाही. आजींच्याच नावाने खातं काढा ना," असं त्यांनी सुचवलं.

मग मी झिजलेल्या रबराची तक्रार केली. त्या म्हणाल्या, "इतक्यात झिजलं? मग चालणं चांगलंच होत असणार."

"छे हो. पलंग ते बाथरूम."

त्या दुसरं पाठवते म्हणाल्या. तोंडावर कबूल कसं करतील माल कच्चा आहे म्हणून.

२० मार्च

नीट हिशोब केला. कार्यक्रम चांगला निवडला आहे, यात शंका नाही. प्रामाणिक आहे, टिकणारा आहे, आणि वर्षा-दोन वर्षांत वाढेल. पण मार्चअखेरीला माझी नोकरी सोडवेल इतका तो नाही. मला हे सकाळभर तोंडातून काढवेना. शेवटी दुपारी, फोनच्या आधी, त्यांच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं. "आई, मला ऑफिसला परत जावं लागेल. म्हणजे तुम्हाला..."

"बस तिथे," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. काठी घेतली. खोलीतून बाहेर पडल्या, बैठकीची खोली ओलांडली, मुख्य दाराची कडी काढली, बाहेरच्या पॅसेजमध्ये गेल्या, जिन्यापर्यंत जाऊन वळल्या, परत आल्या, कडी लावली, स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलं. मी पलंगावर हात दाबून बसले होते. मधे एकदाही उठले नाही, याचं माझं मलाच नवल वाटतं.

"कधीपासून?" मी विचारलं. सवय.

"फोन कानाला असला की पाय दुखत नाही. बोलता बोलता खोलीतल्या खोलीत चालते. तू खाली गेलीस की पॅसेजमध्ये. हॉस्पिटलातल्या व्यायामवालीला माहीत आहे. ती म्हणते, आता एकटं राहायला हरकत नाही, फक्त आंघोळ तुझ्यासमोर."

"मला का नाही सांगितलंत?"

"आधी टेस्ट नको करायला?" त्या म्हणाल्या. मग गॅसकडे तोंड करूनच पुढे बोलल्या, "मला नाही जायचं त्या आरशाच्या लिफ्टमध्ये. तू जा ऑफिसला. दुपारची लाइन मी सांभाळते."

मी त्या इथे राहाव्यात म्हणून नोकरी सोडायला निघाले होते. त्या इथे राहता यावं म्हणून चालायला शिकत होत्या, म्हणजे मी नोकरीवर जाईन. एका भिंतीच्या दोन बाजूंना. मी उठून त्यांना मागून मिठी मारली. "चहा सांडेल," म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

१ एप्रिल

ऑफिस. टेबलावर धूळ आणि तक्रारींचा ढीग. साहेबांना माझी आठवण आली होती म्हणे, ढीग बघून पटलं.

घराची एक किल्ली समोरच्या शेजारणीकडे आहे. खातं सासूबाईंच्या नावावर आहे. लिहिणारी मी, जोडणाऱ्या त्या. अटी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवल्या, आणि या वेळी सूप निवेपर्यंत थांबले.

दुपारी, त्यांच्या फोनच्या ऐन वेळेला, विभागातला फोन वाजला. माझा मोबाईल नव्हे, टेबलावरचा.

"तक्रार विभाग का?" आवाज ओळखीचा, पण अगदी ऑपरेटरचा.

"बोला."

"तक्रार नोंदवायची आहे. घर फार शांत आहे."

"कधीपासून?"

"सकाळी तू दार ओढलंस तेव्हापासून."

समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून खाकरले आणि जरा चेष्टेच्या सुरात म्हटलं, "मग थोडे दिवस मोठ्या वहिनींकडे जाऊन येता का? बाल्कनी आहे."

"हॅलो?" त्या म्हणाल्या. "हॅलो? काही ऐकू येत नाही गं. लाइन खराब आहे." आणि फोन ठेवून दिला.

लाइन स्वच्छ होती. मागे उकळणाऱ्या चहाचा आवाजसुद्धा मला ऐकू येत होता.